हारुनच्या गावातला बर्फ

१

१९३६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत माझा दिवस अगदी ठरलेला होता. सकाळी अकराला सायकल काढायची, नाशकातल्या कथडा मोहल्ल्यात रहेमानचाचांच्या दाराशी लावायची, लाकडी जिना चढून माडीवर जायचं आणि संध्याकाळपर्यंत जपानात बसायचं.

माडी म्हणजे पत्र्याखालची एकच लांब खोली. रहेमानचाचा तिथे संक्रांतीपर्यंत पतंग करत आणि पुढे मोहरमसाठी ताबूत. बांबूच्या कामट्या, कागद, अभ्रक आणि पिठाची खळ, एवढ्या सामानावर त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्या वर्षी मी त्यांना एक निराळंच काम लावलं. होळीनंतर नाशकात उद्योगांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात मांडायला मला जपानातल्या एका डोंगरी गावाचा उठावाचा नकाशा हवा होता. दहा फूट लांब, सात फूट रुंद. डोंगर, नदी, घरं, शेतं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहील असा.

त्या गावात चाचांचा मुलगा हारुन होता, आणि त्याला तिथे पाठवणारा मी होतो.

हारुन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मॅट्रिकनंतर तो बापाच्या हाताखाली गेला, मी पुण्याला. बी. ए. होऊन परतलो तो डोक्यात आग घेऊनच. आमच्या पेठ-सुरगाण्याचे डोंगर आणि जपानचे डोंगर यांत मला काही फरक दिसेना. तिकडची माणसं घराच्या माळ्यावर रेशमाचे किडे पाळून जगतात, आणि आमच्या डोंगरातली नागली कापून झाली की पोरंबाळं घेऊन कामासाठी खाली उतरतात. हे का? कुणीतरी जाऊन शिकून यायला हवं होतं. कोबे बंदरात पेढी असलेले मुंबईचे एक व्यापारी मी गाठले, आणि हारुनला दीड वर्षासाठी रवाना केलं. तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको सितारा गप्प बसून होती, तर मी तिलाही भाषण दिलं.

हारुनचं शेवटचं पत्र जानेवारीच्या मध्याला आलं. त्यावर डिसेंबरातली तारीख होती. त्यानंतर काही नाही.

आधी दर पंधरा दिवसांनी पत्र येई. आता टपालवाला कथड्यात शिरला की चाचांचा हात कामटीवर थांबायचा आणि तो पुढे गेला की पुन्हा चालू व्हायचा. मी म्हणायचो, बोट चुकली असेल. काम थांबवलं असतं तर मला दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं.

२

गाव आम्ही पत्रांतून उभं केलं. पत्रं उर्दूत होती, मला उर्दू येत नाही. सितारा जिन्याच्या वरच्या पायरीवर पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसे, एकेक पत्र काढून मराठीत सांगे, आणि मी वहीत उतरवून चाचांना मापं देई.

त्या गावाचं नाव आमच्यापैकी एकालाही नीट म्हणता येत नव्हतं. चाचा नुसतं ‘हारुनचं गाव’ म्हणायचे. दोन घळींमधून दोन नद्या येतात आणि गावाच्या डोक्याशी मिळतात. त्या संगमावर टेकडी, टेकडीवर जुन्या किल्ल्याचा नुसता दगडी चौथरा. किल्लेदाराच्या काळात समुद्राकडचं मीठ बैलांच्या पाठीवर खिंडीतून या गावात यायचं, म्हणून गाव वसलं. पुढे लाकडाचे ओंडके नदीतून सोडायचे, त्यावर पोसलं. आता आगगाडी दोन कोसांवर आली आहे आणि गावातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुली रांगेनं खिंड ओलांडून रेशमाच्या गिरण्यांत जातात, वर्षाअखेरीला परततात. हे शेवटचं मी वहीत घेतलं, पण नकाशात दाखवायचं नाही असं ठरवलं.

घरांची छपरं गवताची, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी उभट. चाचांनी पहिलं छप्पर केलं तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “एवढा उतार? हे लोक पाण्याला भितात काय रे?” मी सांगितलं, पाण्याला नाही, बर्फाला. त्यांनी मान डोलावली. बर्फ त्यांनी पाहिला होता तो सरबतवाल्याच्या पोत्यातला.

सिताराच्या वाचण्यात मधूनमधून निराळं काही यायचं. किडे पानं खातात तेव्हा सगळ्या घरभर भुरभुर पावसासारखा आवाज येतो. घरमालकीण म्हातारी विधवा आहे, ती रोज हारुनच्या डोक्याला हात लावून ताप बघते. रात्री झोप लागत नाही. असलं आलं की मी पेन्सिल आपटायचो.

“भाभी, घरगुती राहू द्या. पुढचं वाचा.”

ती तेवढं पान उलटून ठेवायची आणि पुढचं वाचायची.

म्हातारीचं घर वरच्या पुलापलीकडचं तिसरं. हारुन तिथेच राहत होता. चाचांनी ते घर सगळ्यांत आधी केलं आणि सगळ्यांत शेवटी संपवलं. त्याच्या खिडक्यांना त्यांनी ताबुताला लावतात तो पातळ झिरझिरीत कागद लावला.

३

फेब्रुवारीच्या मध्याला गाव उभं राहिलं. एकशे चौदा घरं. आता बर्फ.

बर्फ मला भरपूर हवा होता. अर्धं वर्ष ते गाव बर्फात असतं, खालच्या मजल्याच्या वळचणीपर्यंत थर चढतो, असं पत्रात होतं. शिवाय प्रदर्शनाचाही विचार होता. नाशकात बर्फ पडलेला कुणी पाहिला आहे? लोक रांगा लावतील आणि मग मी त्यांना रेशीम समजावीन.

पिंजलेला कापूस, चुना आणि डिंक असा लगदा केला. मला बर्फ म्हणजे भिंतीला दिलेल्या चुन्यासारखी गप्प पडून राहणारी वस्तू वाटायची. चाचांना तो गादीतल्या कापसासारखा वाटायचा. तो वाढतो, सरकतो, माणसाला गाडतो, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

चाचांनी डोंगर भरले, छपरं भरली, रस्ते भरले. पण प्रत्येक दारापाशी नखाएवढी जागा मोकळी सोडली. मी म्हटलं, हे खोटं दिसतंय, वळचणीपर्यंत सरसकट भरा. त्यांनी कुंचला खाली ठेवला.

“दारं बुजवायची नाहीत.”

“चाचा, हा नकाशा आहे.”

“घर आहे ना? कागदाचं असलं म्हणून काय झालं. आजवर जे केलं त्याचं दार मोकळं ठेवलं. बंद करणं आपलं काम नाही, बेटा.”

मी हसलो. मी शिकलेला माणूस, मला असल्या गोष्टींचा राग येतो. आत कोण बसलंय गुदमरायला, असं काहीतरी मी बोलून गेलो. चाचांनी एकदा पुलापलीकडच्या तिसऱ्या घराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ते खाली निघून गेले.

दारं मीच भरली. दोन दुपारी लागल्या. तिसऱ्या घराचं दार दोनदा लिंपावं लागलं, कारण पहिल्यांदा एक भेग राहिली होती.

४

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार. दुपारचे दोन. चाचा नमाजाला गेले होते, सितारा खाली चुलीशी होती. फाल्गुन नुकता लागला होता पण ऊन चैत्राचं पडलं होतं आणि पत्रा तापून टकटक वाजत होता. मी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो.

तिसऱ्या घरामागे बर्फातून एक काडी वर आलेली दिसली.

सुईएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी उंच, अगदी सरळ. चाचांचं काम असं नसतं. त्यांच्या ताबुतातून कधी बांबूचं एक कुसळ बाहेर आलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी मनाशी म्हटलं, उन्हानं बांबू पिळतो. खालच्या सांगाड्याची एखादी कामटी वर आली असेल. चिमटीत धरली आणि ओढली.

ती लगेच आली नाही. थोडी अडली, आणि मग एकदम सैल सुटली. खाली कुणी धरली होती आणि सोडली असं वाटावं इतकी एकदम. मी ती खिडकीबाहेर टाकली, भोकावर ओला कापूस दाबला आणि चिठ्ठ्यांकडे वळलो. तेवढ्यात नकाशाच्या पोटातून आवाज आला. ठक, ठक, ठक. मध्ये सारखं अंतर. मग शांत.

उंदीर. नकाशा खालून पोकळ होता, उंदीर असणारच. चाचांनाही तेच वाटलं. त्यांनी फळ्यांखाली भाकरीचा तुकडा लावून सापळा ठेवला.

मंगळवारी दुपारी काडी पुन्हा तिथेच होती. कालच्यापेक्षा उंच. हाताला ओली लागली. मी ती उपटली, आणि चाचा आल्यावर जरा चिडूनच विचारलं की ही तुम्ही लावता का. ते नाही म्हणाले आणि काडी दाखव म्हणाले. मी ती फेकून दिली होती. त्यांनी खाली वाकून फळ्यांमागे बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाले, त्या जागेखालून एकही कामटी जात नाही. मी म्हटलं, गेली असेल एखादी, तुमच्या लक्षात नसेल. सापळ्यातली भाकरी तशीच वाळली होती.

बुधवारी ती हलत होती.

फार नाही. किंचित वर, किंचित खाली. मी खिडकी बंद केली, वारा असेल म्हणून. दार लोटलं. श्वास रोखून उभा राहिलो. ती हलतच होती. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता, पण काडीजवळ नेलेल्या हातावर काटा आला, कारण तिथे गार होतं.

भ्यालो असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. मला संताप आला. मी या शहरात अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी चौकात उभा राहून भांडलेला माणूस. मी चाचांची कात्री घेतली, काडी बर्फाच्या पातळीला कापली आणि वर मूठभर लगदा थापला. मग नकाशाकडे पाठ करून बसलो आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेतलं लोकसंख्येचं वाक्य लिहायला घेतलं.

मागून आवाज सुरू झाला. या वेळी तीन ठोके नव्हते. भराभर, कसेही, एकावर एक. मग एकच. मग काही नाही.

मी ते वाक्य पुरं केलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अक्षर चांगलं आहे, आकडे बरोबर आहेत.

५

त्याच संध्याकाळी मुंबईहून व्यापाऱ्यांचं पत्र आलं. कोबेच्या पेढीला त्यांनी तार केली होती. उत्तर असं, की यंदा त्या भागात कधी नव्हे असा बर्फ आहे, खिंड दोन महिने बंद आहे, वर टपाल जात नाही. हारुनची खबर नाही.

गुरुवारी सकाळी मी ते कथड्यात नेलं आणि माडीवर उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. सितारा खाली गेली. मला वाटलं, ती रडायला गेली. ती पत्र्याचा डबा घेऊन वर आली, नेहमीच्या पायरीवर बसली आणि शेवटचं पत्र पहिल्या ओळीपासून सांगू लागली. माझ्यासाठी नाही, सासऱ्यांसाठी. मी तिला थांबवलं नाही. इतक्या दिवसांत प्रथमच मी वही न उघडता बसलो होतो.

हारुननं लिहिलं होतं की हात फुटलेत. म्हातारी त्याला तिच्या मेलेल्या मुलाचे मोजे घालायला देते. तिनं त्याला एक गोष्ट दाखवून ठेवली आहे.

“माळ्यावर पोकळ बांबू आहेत,” सितारा वाचत होती. “छपरावरचा बर्फ एकदम खाली आला तर घर सगळं गाडलं जातं. दार उघडत नाही. मग आतून बांबू वर सारायचा. त्यातून श्वास मिळतो, आणि शेजाऱ्यांना वर टोक दिसलं की ते उकरायला येतात. म्हणून या गावात बर्फातून वर आलेल्या बांबूला कुणी हात लावत नाही. पोरंसुद्धा नाही.”

ती थांबली नाही, पुढे वाचत गेली. मला पुढचं ऐकू आलं नाही.

“हे तू लिहून घेतलं होतंस?” चाचांनी मला विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मी वाचत होते,” सितारा पत्रावरून नजर न काढता म्हणाली. “तुम्ही म्हणालात, घरगुती आहे.”

६

मी सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, कात्री, लगदा. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे शहाण्या माणसाचं बोलणं नाही. जपान कुठे, कथडा कुठे. कापूस आणि चुना. दोघांपैकी एकजण तरी हसेल आणि मी सुटेन, अशी मी वाट बघत होतो.

चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. कागद कातरायची बारीक सुरी घेतली आणि तिसऱ्या घराशी वाकले.

बाकी सगळीकडे लगदा वाळून दगड झाला होता. तिथे तो ओला होता. सुरी लोण्यात जावी तशी गेली. आधी काल कापलेल्या काडीचं बूड निघालं. चाचांनी ते तळहातावर घेऊन उजेडात धरलं.

“ही माझी नाही. माझी कामटी चिरलेली असते. ही गोल आहे. आणि बघ, पोकळ आहे.”

त्यांनी भोक मोकळं केलं आणि दाराकडे आले. उकाड्यानं आम्ही तिघं भिजलो होतो. पण चाचांचं तोंड त्या घराजवळ गेलं आणि त्यांच्या श्वासाची वाफ दिसली. मी ती पाहिली. सितारानंही पाहिली. तिनं कोनाड्यातला हातआरसा काढला आणि खिडकीतलं ऊन त्या घरावर पाडलं.

चाचा बोटांच्या टोकांनी बर्फ काढत होते. मी पुढे झालो तेव्हा त्यांनी कोपरानं मला मागे सारलं. शेवटचा थर निघाला. ते दार चाचांनी कापून केलेलं नव्हतं. ते पुठ्ठ्यावर नुसतं रंगवलेलं होतं, त्यामागे भिंत अखंड होती. चाचांनी मागच्या, काडीच्या भोकाला तोंड लावलं आणि आत हलकेच काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मी विचारलं नाही, आजवर नाही.

दार आत उघडलं.

आवाज झाला नाही. नुसतं, जिथे रंग होता तिथे काळोख दिसायला लागला. त्यातून गार झोत आला, ओल्या लाकडाच्या धुराचा वास असलेला. सितारानं आरसा वळवला. मी गुडघ्यांवर बसून डोळा लावला.

काळोखात खूप आत एक तांबडा ठिपका होता. विस्तव. त्याच्याकडे बघता बघता तो क्षणभर दिसेनासा झाला आणि पुन्हा दिसला. मध्ये काहीतरी आलं आणि गेलं होतं.

मग आरसा हलला. कवडसा परत आला तेव्हा समोर पुठ्ठ्याची रिकामी पेटी होती, तिच्या बुडातली फट, आणि फटीतून दिसणारी जमिनीवरची फळी.

“काय दिसलं?” सितारानं विचारलं.

“काही नाही.”

“खरं सांगा, चंदरभाई.”

“विस्तव पेटता आहे,” मी म्हणालो.

ती खाली बसली. तोंडावर पदर धरला. मग म्हणाली, “पेटता आहे म्हणजे कुणीतरी लाकूड घालतंय.”

चाचांनी सुरी पुसली आणि माझ्या हातात दिली. स्वतः दुसरी घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी मिळून एकशे चौदा दारं मोकळी केली. दुसऱ्या कुठल्याही दारामागे पुठ्ठ्याशिवाय काही नव्हतं. लगदाही सगळीकडे कोरडा ठणठणीत होता, आणि माझी नखं रक्ताळली.

७

नवव्या दिवशी तार आली. हारुन सुखरूप, पत्र मागून.

चाचांनी तार दोन्ही हातांत धरली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ ते तिच्यावर बोट फिरवत बसले. सितारा शेजारच्या घरोघर सांगून आली. मी घरी येऊन गच्चीवर एकटाच इतका रडलो की खालून कुणीतरी विचारलं, वर कोण आहे.

प्रदर्शन झालं. रांगा लागल्या. मी रेशीम समजावलं. एका गृहस्थांनी विचारलं, बर्फ एवढा आणि सगळ्या दारांपुढचा कसा साफ केलेला? मी म्हटलं, माणसं राहतात तिथे. चाचा कोपऱ्यात उभे होते, ते हसले.

हारुन मे महिन्यात आला. चाचा आणि मी नाशिक रोडला उतरवून घ्यायला गेलो. गाडीतून उतरला तेव्हा बापानं आधी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, मगच मिठी मारली. वाळला होता, पण डोळे तेच, खोडकर. माझ्या पाठीत धपका घालून म्हणाला, “बोल पुढारी, मला तिकडे धाडून तू इकडे काय उजेड पाडलास?”

टांग्यात तो आमच्या दोघांमध्ये बसला. वाटेत मला म्हणाला, पत्रात लिहिली नाही अशी एक गंमत सांगतो. छपरावरचा बर्फ उतरला तो रविवारी रात्री. तो आणि म्हातारी आत. शेजाऱ्यांना वाटलं, दोघं खालच्या वाडीत म्हातारीच्या बहिणीकडे गेलेत.

“मी बांबू वर सारायचो आणि वरून कुणीतरी तो ओढून घ्यायचं. दोनदा ओढला. तिसऱ्यांदा तर कापलाच. मी खालून इतका बडवला, काही उपयोग नाही. गुरुवारी शेजाऱ्यांना दाराशी बर्फ खचलेला दिसला, तेव्हा त्यांनी उकरलं. नंतर गावात सगळ्यांना विचारलं मी, कुणी कबूल होईना. सापडला असता तर त्याचं थोबाड रंगवलं असतं.”

“मी होतो तो,” मी म्हणालो.

हारुन खो खो हसला. “बघा अब्बा, याचं सुरू झालं. जगात कुठे काही वाईट झालं की हा आधी हात वर करतो.”

चाचा घोड्याच्या कानांकडे बघत होते. मी पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांनी हारुनच्या पाठीमागून हात लांबवून माझ्या खांद्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

“पण एक सांगतो,” हारुन म्हणाला, आणि त्याचं हसू ओसरलं. “जेवढा वेळ बांबू वर असायचा ना, तेवढा वेळ त्यातून गरम हवा खाली यायची. वर माणूसभर बर्फ, आणि आत झळा. म्हातारी त्याच्याखाली दोन्ही हात धरून बसायची. सरपण तिनं मोजून घातलं, पण नुसत्या सरपणानं त्या रात्री निघाल्या नसत्या. मला म्हणाली, ही हवा आमच्याकडची नाही. कुणीतरी तुझ्यासाठी पाठवलीय.”

टांगेवाल्यानं मागे वळून विचारलं, ऊन फार आहे, टप वर ओढू का.

“राहू दे उघडा,” हारुन म्हणाला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि तोंड वर केलं. रस्ताभर लू वाहत होती, धूळ उडत होती. नाशिक येईपर्यंत त्यानं तोंड सावलीला नेलं नाही.